कांटेकोर

बोईसरजवळच्या बेटेगावातल्या आमच्या कॉलनीतून संध्याकाळी साडेपाचला एक माणूस गेटबाहेर पडतो. पांढरा बुशशर्ट, खिशाला कंपनीने रिटायर होताना दिलेलं पेन, हातात काळी छत्री. छत्री पावसासाठी नाही, कुत्र्यांसाठी. चिल्हारच्या रस्त्याने तो वडापावच्या गाडीपर्यंत जातो, तिथून वळतो आणि सहाच्या आत घरी. गाडीवाला त्याला लांबून बघतो आणि कढई चढवतो. या काकांना त्याचा फार अभिमान आहे. कोनिग्जबर्गचे लोक म्हणे तत्त्वज्ञ इमान्युएल कांट फिरायला निघाला की घड्याळं लावून घ्यायचे. "इथं वेळ सगळ्यांच्या मोबाइलात असते," काका म्हणतात. "तेल तापवायला तरी आपला उपयोग होतो."

साडेपाचचं खरं कारण वेगळं आहे. सहानंतर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बसगाड्या आणि हायवेकडे निघालेले डंपर एकदमच रस्त्यावर येतात. मग त्या रस्त्याने पायी जायला तत्त्वज्ञान पुरत नाही, विमा लागतो.

कॉलनीत त्यांना कांटकाका म्हणतात. पोरं त्याचं 'काटाकाका' करतात. ट्रकचं वजन करणारे धर्मकाटे आमच्या भागात भरपूर, त्यामुळे नवीन भाडेकरूंचा बरेच दिवस असा समज असतो की काकांचा तसला एखादा काटा आहे आणि माणूस पैसेवाला असणार. एका रिक्षावाल्याने तर त्यांना सरळ विचारलं, "काका, काटा रात्री चालू असतो का?" काका म्हणाले, "रात्रीच जास्त चालतो." त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं.

काका मूळचे केळवे-माहीमकडचे, आणि तत्त्वज्ञानावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे असं ते मानतात. कारण सोनोपंत दांडेकर माहीमचे. वारकऱ्यांचे मामासाहेब, पुण्याला कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि 'ज्ञानदेव आणि प्लेटो' या पुस्तकाचे लेखक. पालघरचं कॉलेज त्यांच्याच नावाचं. "आपल्या तालुक्याने प्लेटोला आळंदीला नेलं," काका सांगतात, "राहिलेल्यांचं मी बघतो."

राहिलेले त्यांना रद्दीत सापडले. बोईसर स्टेशनजवळच्या एका रद्दीवाल्याकडे बावीस वर्षांपूर्वी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचं एक मराठी पुस्तक मिळालं. वरचं कव्हर गेलेलं, लेखकाचं नाव नाही, सुरुवातीची पानं नाहीत. रद्दीवाल्याने ते तराजूत टाकलं आणि देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ, लॉक, बर्कली, ह्यूम आणि कांट असे सात जण मिळून पाच रुपयांत काकांच्या पिशवीत आले, कोथिंबिरीच्या शेजारी.

पुस्तकाला शेवटही नाही. कांटचं प्रकरण ऐन भरात आलेलं असतं, माणसाच्या बुद्धीला काय काय कळू शकत नाही याचा हिशेब चाललेला असतो, आणि पानाच्या अगदी तळाशी शेवटचा शब्द येतो: 'परंतु'. पुढचं पान नाही. माहीमच्या पानमळ्यांच्या गावात वाढलेला माणूस, आयुष्यात पानांची कधी कमतरता पडली नाही, आणि नेमकं हेच पान गायब.

या 'परंतु'ने काकांच्या स्वभावात कायमची जागा केली आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहतात, "टँकरचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा हे मला मान्य आहे, परंतु..." म्हणतात आणि खाली बसतात. पुढचं कोणी विचारलं तर म्हणतात, "पुढचं पान नाही."

आता असा माणूस दर औद्योगिक वसाहतीत एक तरी असतोच. कुणी होमिओपॅथीत शिरलेला असतो, कुणी टेरेसवर दुर्बीण लावून बसतो. तीस-पस्तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाचं डोकं रात्री दोनला जागं राहायला शिकलेलं असतं आणि रिटायर झाल्यावरही ते दोनला जागं होतं. मग त्याला काहीतरी द्यावं लागतं. काकांनी कांट दिला.

आणि खोटं कशाला बोला, काकांना कांट कळला आहे. माझ्या ओळखीच्या दोन-तीन एमए लोकांना कळला नसेल इतका कळला आहे. रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत ते शिफ्ट इनचार्ज होते. एकदा मी त्यांना विचारलं, वस्तू खरी कशी आहे ते आपल्याला कधीच कळत नाही, असं हा मनुष्य म्हणतो ते नक्की काय आहे? काकांनी कपातला चहा बशीत ओतला.

"रिअॅक्टर बघितलायस? स्टीलचा, बंद. आत माल शिजतोय. आत डोकं घालून कोणी बघितलंय? बघेल तो सांगायला राहणार नाही. आपल्याला काय दिसतं? बाहेरच्या गेजचा काटा. टेम्परेचर इतकं, प्रेशर इतकं. त्यावर आपण व्हॉल्व्ह फिरवायचा आणि लॉगबुक भरायचं. माल आत, काटा बाहेर. छत्तीस वर्षं मी काटा वाचला, माल नाही."

"म्हणजे आत काय आहे ते..."

"थांब, खरी मेख पुढे आहे. तो गेज बसवला कोणी? आपणच. त्याच्यावरचे आकडे आपले, कंपनीत मागवलेले. आपलं डोकं जागा आणि काळ असले गेज घेऊनच जन्माला येतं, त्यांच्यातून जे येईल तेच आपल्याला कळणार. १७८१ ला पुस्तक काढलं त्याने. बाप घोड्याचं सामान शिवायचा, आणि पोरगं कधी प्रांताच्या बाहेर गेलं नाही."

बशी संपली. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "अहो, दळणाचा डबा तुमच्या गेजमध्ये येतो का बघा. सकाळपासून दारात आहे."

काकूंचं या सात जणांविषयी एकच मत आहे आणि ते तपासून पाहता बरंचसं टिकतं. "यातल्या एकाचं तरी लग्न झालं होतं का?" देकार्तचं नाही, स्पिनोझाचं नाही, लायब्निझचं नाही, लॉकचं नाही, ह्यूमचं नाही, कांटचं नाही. काकांनी बर्कलीचा आधार घेतला. बर्कली बिशप होता, बायकापोरांचा माणूस.

"तो काय म्हणायचा?"

"असणं म्हणजे दिसणं. कोणीतरी बघतंय म्हणून वस्तू आहे."

"बघा, लग्न झालेलाच सरळ बोलला. मी बघते म्हणून या घरात दळण आहे."

स्पिनोझावर मात्र काकूंचा राग नाही. तो भिंगं घासून पोट भरायचा, म्हणजे हाताला काम होतं. जातीबाहेर टाकला तरी कुणाच्या दारात गेला नाही, १६७३ ला हायडेलबर्गची प्रोफेसरकी चालून आली तीही नको म्हणाला, आणि ४४ व्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. काचेची धूळ बाधली असं म्हणतात. काका त्याला एमआयडीसीचा पहिला कामगार म्हणतात. "मास्क दिला असता तर अजून वीस वर्षं लिहिलं असतं." देकार्तच्या मरणाचा उपयोग ते दुसऱ्या कामाला करतात. जन्मभर दुपारपर्यंत अंथरुणात लोळून विचार करणारा हा मनुष्य. स्वीडनच्या राणीने त्याला स्टॉकहोमच्या थंडीत पहाटे पाचला शिकवणीला बोलावलं आणि १६५० च्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला. बोईसरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या प्रत्येक पोराला काका हे सांगतात. पोरं ऐकून घेतात आणि पळतात, कारण पुढची गाडी तासाने.

लायब्निझ त्यांनी बिल्डरवर वापरला. विश्व मोनॅडांचं बनलेलं आहे आणि मोनॅडला खिडकी नसते, हे वाचल्यापासून कॉलनीतल्या बिनखिडकीच्या बाथरूमला ते मोनॅड म्हणतात. लॉकवर मात्र त्यांचा मनापासून राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. आकार, हालचाल हे वस्तूचे स्वतःचे. रंग, वास हे पाहणाऱ्याच्या मनात उमटणारे, अशी वाटणी लॉकने १६९० च्या सुमाराला केली. आता नाल्याचा रंग सोमवारी लाल, गुरुवारी पिवळा, आणि रात्री साडेअकराला खिडकीतून असा वास येतो की झोपलेलं मूल उठून बसतं. एकदा तक्रारीवरून एक साहेब पाहणीला आले, ते दुपारी. नाक वर करून म्हणाले, वास तर काही नाही. काका त्या दिवशी मला म्हणाले, "हा लॉकचा माणूस. वास वस्तूत नसतो, आपल्या नाकात असतो. तेव्हा नाकाचाच पंचनामा करा."

पण काकांचा खरा दिवस म्हणजे हादऱ्याचा दिवस.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या बाजूला, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. लहान, पण शेकड्यांनी. तिकडची माणसं थंडीत अंगणात झोपली, सरकारने तंबू दिले. आमच्याकडे त्यातले मोठे तेवढे पोचायचे: भांड्यांची मांडणी वाजायची, टांगलेला दिवा झुलायचा. इतर ठिकाणी असं झालं की लोक 'भूकंप!' म्हणून खाली पळतात. बोईसरकर पळायच्या आधी एक प्रश्न विचारतो: "भूकंप की कंपनी?" कारण इथे कंपनीत स्फोट झाला तरी काचा अशाच वाजतात.

एका रात्री दहाच्या सुमाराला धाडकन आवाज झाला. मिनिटभरात सगळी कॉलनी खाली. ग्रुपवर तीन पक्ष पडले. एक म्हणे भूकंप, एक म्हणे कंपनी, एकाने तर कंपनीचा प्लॉट नंबरही टाकला. चौथा पक्ष पश्चिमेकडे तोंड करून उभा होता; तिकडे तारापूरला १९६९ पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. तो पक्ष काही बोलत नव्हता.

काका लुंगीवर उतरले, छत्रीसकट. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभं राहून त्यांनी ह्यूम सांगितला. आवाज आपण ऐकला. काचा वाजलेल्या आपण ऐकल्या. यानं ते झालं, हे मात्र कोणी ऐकलं नाही आणि कोणी पाहिलं नाही. एकामागून एक असं शंभरदा झालं की मनाला सवय लागते आणि त्या सवयीला आपण कारण म्हणतो. "तेव्हा पुराव्याशिवाय कोणी कारण फॉरवर्ड करू नये, परंतु..."

पुढचं पान नव्हतं, पण लोक खाली आलेले होते आणि कोणाची वर जायची छाती नव्हती. मग काकांनी लिस्बन काढलं. १ नोव्हेंबर १७५५, सणाचा दिवस, सकाळी लोक चर्चमध्ये. आधी भूकंप, मग समुद्र शहरात, मग आग. लायब्निझ सांगून गेला होता की देवाने शक्य तेवढ्या जगांतलं सगळ्यांत चांगलं जग बनवलं आहे. तो मेला १७१६ ला म्हणून सुटला. व्हॉल्तेरने पुढे चार वर्षांत 'कांदीद' लिहून त्या कल्पनेचे तीनतेरा वाजवले. पाद्री म्हणाले पापाची शिक्षा. आणि तिकडे कोनिग्जबर्गला एकतीस वर्षांचा कांट वर्तमानपत्रातल्या बातम्या जमवत बसला होता. १७५६ ला त्याने भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीखाली पोकळ्या आहेत, त्यांत वायू पेटतात, असं काहीतरी.

"ते चूक आहे ना पण?" अकरावीतल्या एका पोराने विचारलं.

"साफ चूक," काका खुशीत म्हणाले. "परंतु देवाला मध्ये घेतलं नाही. कारण जमिनीतच शोधलं."

एवढ्यात वॉचमन आला. मागच्या प्लॉटवर डंपरने खडी टाकली होती आणि त्याची मागची फळी दणकन आपटली होती. लोक वर गेले. काका मात्र बराच वेळ वॉचमनला विचारत होते की फळी आपटताना त्याने स्वतः पाहिली, की आवाजानंतर फळी पडलेली पाहिली.

मला स्वतःला काकांचा फटका एकदा चांगलाच बसला आहे. फ्रिज हप्त्यावर घेतला होता, पगार लांबला, तीन हप्ते थकले आणि एका फायनान्स कंपनीचा वसुलीवाला दारात आला. बायकोने आतून कडी लावली, मी पंखासुद्धा बंद केला. बेल वाजवून वाजवून त्याने समोरच्या काकांना विचारलं, साहेब घरात आहेत का? साधा शेजारधर्म काय सांगतो? 'गावाला गेलेत'. काका म्हणाले, "आहेत. आत्ताच दूध घेऊन वर आले."

कांटने १७९७ ला लिहून ठेवलं आहे की दारात खुनी जरी आला आणि त्याने तुमच्या मित्राचा पत्ता विचारला, तरी खोटं बोलू नये. त्याच्यावर तेव्हाही लोक चिडले होते. मी अंधारात उभा राहून त्या लोकांच्या बाजूला गेलो.

मग मात्र एक गंमत झाली. काकांनी त्या वसुलीवाल्याला आपल्या घरात बसवलं. पाणी दिलं, काकूंना चहा टाकायला सांगितला. महिन्याला किती केसेस, पेट्रोल कंपनी देते का, इन्सेन्टिव्ह किती, सगळं विचारलं. पोरगा जव्हारकडचा निघाला, पगार माझ्यापेक्षा कमी. मी दाराला कान लावून होतो. काका त्याला सांगत होते, "माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही, ही कांटची दुसरी ऑर्डर आहे. तू म्हणजे कंपनीची पावती नाहीस. आणि समोरचा म्हणजे हप्ता नाही. परंतु हप्ता त्याने भरलाच पाहिजे." नंतर पोराला त्यांनी देकार्तपासून सुरुवात करून दिली. दीड तासाने तो उठला तेव्हा ह्यूम चालू होता. तो पुन्हा आमच्या बिल्डिंगमध्ये आला नाही; पुढचे फोन दुसऱ्याच माणसाचे यायला लागले. हप्ते मी भरले. काकांसमोरून जाताना पंखा बंद करून कसा जाणार माणूस!

गेल्या वर्षी काकांच्या आयुष्यात एक उलथापालथ झाली. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी पालघरला बीए करते. तिने सहज विचारलं, "काका, तुम्ही कांटच्या पुढे का जात नाही?"

"पुढे कोण आहे?"

तिने फोन काढला आणि वाचत गेली. हेगेल, शोपेनहाउअर, किर्केगार्द, मार्क्स, नीत्शे, हुसर्ल, हायडेगर, विटगेनश्टाइन, सार्त्र, फूको, देरिदा. काकांचा चेहरा मी पाहिला आहे: रिटायर झालेला माणूस वर्षांनी कंपनीच्या गेटवर जातो, बोर्ड बदललेला असतो आणि सिक्युरिटीवाला विचारतो, 'कोण पाहिजे?', तसा.

महिनाभर ते नव्या मॅनेजमेंटच्या मुलाखती घेत होते. मार्क्स त्यांना युनियनमुळे माहीत होता, पण तो तत्त्वज्ञ आहे हे युनियनने कधी सांगितलं नव्हतं. शोपेनहाउअरने बर्लिनला १८२० मध्ये मुद्दाम हेगेलच्या वेळेलाच आपलं व्याख्यान लावलं आणि रिकाम्या बाकांपुढे बोलला, हे ऐकून ते म्हणाले, "गावात एका वेळी दोन कीर्तनं लावू नयेत." त्याने उपनिषदं वाचली, आवडली, आणि पाळलेल्या कुत्र्याचं नाव आत्मा ठेवलं, इथवर काका गप्प होते. पण जिन्यात गोंधळ करते म्हणून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याने ढकललं आणि पुढे ती मरेपर्यंत वीसेक वर्षं कोर्टाच्या हुकमाने तिला पैसे भरत राहिला, हे कळल्यावर त्यांनी त्याला नापास केलं. "सोसायटीत राहायच्या लायकीचा नाही." सार्त्रने १९६४ ला नोबेल नाकारलं. काका म्हणाले, "त्याला ईपीएस पंचाण्णवची पेन्शन नसणार." विटगेनश्टाइनने बापाकडून वाट्याला आलेली अफाट इस्टेट वाटून टाकली आणि ऑस्ट्रियातल्या खेड्यांत सहा वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, यावर ते खूश झाले, पोरांना मारायचा म्हटल्यावर पुन्हा गप्प.

त्यांना मनापासून पटला तो हुसर्ल, आणि तोही एका रद्दीच्या गोष्टीमुळे. तो १९३८ ला वारला तेव्हा मागे लघुलिपीत लिहिलेली चाळीस हजार पानं होती. तो जन्माने ज्यू, त्यामुळे नाझी ती जाळतील ही भीती होती. बेल्जियमच्या एका तरुण संन्याशाने, व्हान ब्रेडा त्याचं नाव, ती सामानातून उचलून लूव्हेनला नेली. काका उठून आत गेले, आपलं पुस्तक घेऊन आले आणि त्या मुलीच्या हातात ठेवलं. "चाळीस हजार नकोत. मला एक पान पाहिजे."

मुलगी चिकाटीची. तिने त्या पुस्तकातल्या चार पानांचे फोटो काढून इकडेतिकडे पाठवले. कोणी म्हणालं वाईला विचारा, कोणी म्हणालं अमळनेरला, तिथे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. शेवटी पाच महिन्यांनी एका जुन्या ग्रंथालयात धड प्रत मिळाली. लेखकाचं नाव मी इथे देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही.

झेरॉक्स प्लास्टिकच्या कव्हरात आली. काकांनी हात धुतले, चष्मा पुसला. काकू दारात उभ्या होत्या, दळणाचा विषय न काढता. काकांनी आधी आपलं पुस्तक उघडून शेवटचं वाक्य 'परंतु'पर्यंत वाचलं, मग झेरॉक्सवर बोट ठेवलं.

बावीस वर्षांनी ते वाक्य असं पुरं झालं: परंतु या प्रश्नाचा विचार पुढील खंडात करू. खाली एक आडवी रेघ, आणि शब्दसूची सुरू.

काकू आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. काकांनी झेरॉक्स घडी न घालता पुस्तकात ठेवली, घड्याळात पाहिलं आणि छत्री उचलली. साडेपाच वाजले होते.

तर ज्यांच्या घरी आजोबांच्या कपाटात, शाळेच्या बंद पडलेल्या ग्रंथालयात किंवा माळ्यावर असा दुसरा खंड पडून असेल, त्यांनी तो रद्दीत घालण्याआधी बेटेगावला आणून द्यावा. रिक्षावाल्याला काटेवाले काका म्हटलं की पुरतं. पण साडेपाचच्या आत या, नाहीतर सहानंतर.